राख

पाच कोंबड्या, एका रात्रीत.
चितळी, तुऱ्याची, लंगडी,
आणि सायखेड्याच्या बाजारातून आणलेल्या दोन काळ्या,
ज्यांना अजून नावं पडायची होती.
खाल्ली एकच. बाकीच्यांच्या नुसत्या माना.
कोंबडा वळचणीच्या वाशावर चढून बसला होता,
दुपारपर्यंत आरवला नाही.

पुंजाराम येऊन बघून गेला. उदमांजर, म्हणाला.
मुंगूस येतं दिवसाढवळ्या, खालून उकरून.
रानमांजर उचलून नेतं.
हे मात्र इथंच बसून जेवलंय.
मग जाळी दोन बोटांनी ताणून म्हणाला,
"वहिनी, ह्या जाळीनं कोंबडी आत राहते.
जनावर बाहेर राहत नाही."

बाग मोडली त्या वर्षीचे अँगल होते गोठ्यामागं,
गंजलेले, पण सरळ.
पिंपळगावहून अर्ध्या इंची जाळी आणली.
चारी बाजूंनी हातभर चर खणला,
जाळी खाली पुरली, बाहेरच्या अंगाला वळवली
लुगड्याच्या घोळासारखी,
वर फरशीचे तुकडे.
दाराला आधी नुसती आकडी होती.
आता आकडी, कडी, कडीत खिळा.

मामंजी ओट्यावरून बघत होते.
एरवी मी भाकरी थापली तरी
"असं नाही, तसं."
त्या दिवशी चकार शब्द नाही.
फक्त खिळा त्यांना बारीक वाटला.
डबा धुंडाळून मोठा काढून दिला.

राख ही माझी युक्ती.
चुलीतली, चाळून घेतलेली.
झोपण्याआधी खुराड्याभोवती पसरायची,
सकाळी धारेला बसायच्या आधी वाचायची.
चौथीत शाळा सुटली माझी,
हे वाचन बरं जमलं.
बुधवारी मुंगूस: नखं पुढं आलेली,
एक खड्डा, फरशीशी येऊन थांबलेला.
शुक्रवारी मांजर, घरचंच असेल.
रविवारी ते.
दाराशी बसून गेलेलं,
शेपटीची रेघसुद्धा.
उन्हात उभी होते तरी अंगावर काटा आला.

आणि रोज, दारासमोर, एक गोल ठसा.
जुन्या रुपयाएवढा.
शेजारी काहीतरी घासत गेल्यासारखं.
पुंजाराम उकिडवा बसला त्यापाशी, बराच वेळ.
"तीन पायांचं काहीतरी दिसतंय,"
म्हणाला, आणि स्वतःच हसला.

त्या आठवड्यात लाईट रात्रीची.
हे कांद्याला पाणी द्यायला गेलेले,
नांदूरकडं बिबट्या दिसल्याचं कानावर आलेलं,
मला कुठली झोप.
दोनच्या सुमारास ओट्याची फळी वाजली.
काठी. मग पाय. मग ओढलेला पाय.
बॅटरी नाही. खोकला दाबलेला.
खिडकीतून दिसलं:
कडी चाचपली, खिळा दाबला,
आकडी ओढून पाहिली,
परत खिळा.
मग नुसतेच उभे, जाळीवर हात ठेवून.
आतून एक कोंबडी झोपेत कुरकुरली
तेव्हा वळले.

पाच कोंबड्या गेल्या त्या रात्री
मी ओझरला होते, भाच्याच्या बारशाला.
हे रानात.
घरी कोण होतं,
दार कोणी लावलं,
हे मी कधी विचारलं नव्हतं.
कुणी सांगितलंही नव्हतं.

सकाळी राख वाचली.
मुंगूस, एकदा.
गोल ठसे, नऊ.
खराट्यानं सगळं सारखं केलं,
चहा ओट्यावर नेऊन ठेवला.
"अंडी?" मामंजींनी विचारलं.
सात, म्हणाले.
त्यांनी बशी तोंडाला लावली.

रात्री राख पसरते अजून.
दारासमोरची जागा तेवढी,
एक पाऊल, एक काठी मावेल एवढी,
मोकळी सोडते.